चाळीस दाखवल्यास

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चिडलं की बाकीचे हळूच म्हणतात, "जपून रे, आज पारा चढलाय." तो पारा माझ्या पोटात असतो. मी एक जुना तापमापक आहे. वीत-दीड वीत लांबीची काचेची नळी, अंगावर अंशांच्या बारीक रेघा, आणि चाळिसाच्या रेघेवर लाल नखपॉलिशचा एक ठिपका. हा ठिपका कुठून आला ते तुम्हाला सांगायचं आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. तापमापकाने रागावू नये असा नियम कुठे असेल तर आणून दाखवा.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. नळी तयार झाल्यावर त्याने माझ्या गळ्याशी एक बारीकसा चिमटा काढला. तो चिमटा फार महत्त्वाचा. त्याच्यामुळे माझा पारा एकदा वर गेला की आपणहून खाली येत नाही. हवा गार होवो, संध्याकाळ होवो, पंखा लावा, मी दिवसातला सगळ्यात मोठा आकडा धरून आडवा पडून राहतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हातात घेऊन मला दोन-तीन चांगले झटके दिले, तरच पारा उतरतो. तुमच्या आजीच्या कपाटात ताप बघायची काचेची जुनी नळी असेल, ती माझ्याच जातीची. थोडक्यात, आपणहून विसरणं मला जमत नाही.

कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला वेगवेगळ्या ऊन पाण्यांत बुडवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, एकदम सरळ आहे. उगाच चढत नाही, उगाच मागे राहत नाही." त्या वेळी मला वाटलं, बास, आता आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल. मी तेव्हा लहान होतो.

पुढे मी एका नगरपालिकेत आलो. का आलो, ते मला अंशकाकांनी सांगितलं. अंशकाका म्हणजे पालिकेच्या पर्यावरण विभागातले हेडक्लार्क. त्या विभागात एक टेबल, एक कपाट आणि स्वतः काका एवढंच होतं. रोज अंश मोजतात म्हणून सगळे त्यांना अंशकाका म्हणायचे. त्यांना माझ्याशी बोलायची सवय होती. चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला टेकेपर्यंत जवळ येऊन ते बोलायचे.

मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात पालिकेचा एक कामगार रस्त्यावर डांबर पसरवताना दुपारी दोन वाजता मटकन खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची बायको पालिकेतच झाडूकाम करायची. तिला सगळे आक्का म्हणायचे. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता आक्का वीस-पंचवीस झाडूवाल्या बायकांना घेऊन सभागृहाच्या दाराशी येऊन बसली. तिचं मागणं एकच होतं. ऊन फार चढलं की दुपारी उघड्यावरचं काम थांबवा.

शहराचा हवामान आराखडा तेव्हा तयारच होत होता. नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, छतांना पांढरा रंग, चौकाचौकात सावलीचे मांडव, असं बरंच काही त्यात होतं. आक्काचं मागणंही त्यात घ्यायचं ठरलं. पण फार ऊन म्हणजे नक्की किती? आणि ते सांगणार कोण? सभेत त्यावर दीड तास वाद झाला. एक सदस्य म्हणाला वर्तमानपत्रातला आकडा धरा, दुसऱ्याने फोनमधला आकडा वर करून दाखवला, तिसऱ्याला घरी जायची घाई होती. शेवटी काका ठणकावून म्हणाले, "आपला स्वतःचा तापमापक आणा," आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी ठराव लिहिला: "पालिकेच्या आवारातील तापमापकाने चाळीस अंश दाखवल्यास भोंगा वाजवावा व उघड्यावरील सर्व कामे चार वाजेपर्यंत थांबवावीत."

मित्रांनो, यातला 'दाखवल्यास' हा शब्द लक्षात ठेवा. ऊन चाळीस झाल्यास, असं काकांनी लिहिलं नाही. तापमापकाने दाखवल्यास, असं लिहिलं. "एकच झालं की," ते मला म्हणाले होते. "तू दाखवणार तेच खरं असणार." केवढा विश्वास! मी काचेतल्या काचेत फुगलो होतो.

काकांनी माझं घर स्वतः उभं केलं. झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी, चार पाय, आणि ती उभी करायला आवाराचा मोकळा कोपरा. त्यांच्याकडे एक पुस्तिका होती. ती बोट ठेवून मला वाचून दाखवत त्यांनी जागा ठरवली. "भिंतीपासून लांब. पाण्यापासून लांब. झाडाखाली नको. वारा खेळता हवा. ऐकतोयस ना?" पायांसाठी त्यांनी चार खड्डे खणून घेतले, टेप लावून दोनदा मोजले. आवाराच्या कुंपणापलीकडेच तो रस्ता होता, जिथे आक्काचा नवरा पडला होता. म्हणजे त्या रस्त्यावरची हवा मला लागत होती.

पहिल्या उन्हाळ्यात भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा आक्का धावत पेटीशी आली. तिला आकडे वाचता येत नव्हते. काकांनी रेघ दाखवली, तर ती म्हणाली, "एवढ्या रेघांत तुमची चाळिसाची कुठली, मला कसं कळायचं? उद्या तुम्ही रजेवर गेलात तर?"

दुसऱ्या दिवशी ती आपल्या लेकीची नखपॉलिश घेऊन आली. लेक अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि दहाही नखं कायम रंगवलेली असायची, म्हणून आक्का तिला 'माझी नखरेल' म्हणायची. आक्काने जीभ दातांत धरून माझ्या चाळिसाच्या रेघेवर एक लाल ठिपका दिला.

"अगं, अगं! सरकारी वस्तू आहे ती!" काका ओरडले.

"मग सरकारला सांगा, वस्तूला नटायची हौस आली," आक्का म्हणाली आणि फुंकर मारून ठिपका वाळवला.

काका हसले. मलाही तो ठिपका आवडला. मला काही झालं तरी हलवायचं नाही, न्यायचंच झालं तर आडवं धरून न्यायचं आणि झटका द्यायचा नाही, हेही काकांनी तिला शिकवून ठेवलं. "झटका दिलास की आकडा गेला. मग कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही किती होतं ते."

माझे ते तीन उन्हाळे फार छान गेले. पारा ठिपक्याला लागला की काका चपला फटफटवत भोंग्याकडे पळायचे. भोंगा झाला की रस्त्यावरचे फावडेवाले, झाडूवाल्या, गटारवाले सगळे पालिकेच्या तळमजल्यावरच्या पडवीत येऊन बसायचे. कुणी पेंगायचं, कुणी टोप्यांनी वारा घ्यायचं. चार वाजता परत कामाला. त्या तीन उन्हाळ्यांत एकही माणूस पडला नाही. शाळेची मुलं मला बघायला यायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्यात काका पेटीवर हात ठेवून उभे होते. नवीन बाई कामाला लागली की आक्का तिला आधी माझ्याकडे आणायची. "हा आपला माणूस," ती सांगायची. "हा खोटं बोलत नाही."

पण मित्रांनो, उन्हाळे वाढत होते. चौथ्या उन्हाळ्यात भोंगा एकतीस दिवस वाजला. नवा रस्ता रखडला. आराखड्यातली झाडं लावायला खड्डे खणले होते, ते खड्डेच राहिले आणि त्यांत कचरा साठला. छतं काळी ती काळीच राहिली. मांडवांचे तर खांबसुद्धा आले नाहीत. आराखड्यातलं एकच कलम जिवंत होतं, ते म्हणजे मी आणि भोंगा. आणि रोज दुपारी भोंगा ऐकून पालिकेच्या अध्यक्षसाहेबांच्या कपाळाला आठी पडायची.

त्यातच 'शीतल शहर' नावाच्या पुरस्कारासाठी पालिकेने अर्ज केला. परीक्षक पुढच्या उन्हाळ्यात पाहणीला येणार होते. तोवर रस्ताही पूर्ण व्हायला हवा होता. अध्यक्षसाहेबांच्या दालनाच्या मागच्या खिडकीखाली पाहणीसाठी एक बाग केली होती. हिरवळ, एक जुनं डेरेदार झाड, आणि कारंजं. एका सकाळी साहेब काकांना घेऊन माझ्याजवळ आले.

"काका, हे यंत्र जरा बागेत घ्या. पाहुण्यांना बरं दिसेल."

"साहेब, पुस्तिकेत लिहिलंय की झाडाखाली आणि पाण्याजवळ..."

"शहर पुस्तिका चालवते की आपण?"

"पण साहेब, ठराव..."

"ठरावात काय आहे? आवारातील तापमापक. बाग आवारात नाही का? तुम्हीच लिहिलंय, काका. दाखवल्यास. तो दाखवेल तेव्हा वाजवा ना भोंगा. मी कुठे नको म्हणतोय?"

मला वाटलं, आता काका बोलतील. आता चष्मा कपाळावर चढवतील आणि सभेत बोलले होते तसे ठणकावून बोलतील. साहेब जाताना म्हणाले, "कचरा डेपोच्या ऑफिसात एक जागा रिकामी आहे. तुमच्या दम्याला मानवेल की नाही, माहीत नाही." बस, एवढंच.

दोन माळी आले. पेटीचा पुढचा पाय काकांनी स्वतः धरला. बागेत ठेवल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढून माझी काच पुसली आणि म्हणाले, "तुला इथे गार वाटेल."

मित्रांनो, शहर गार करायचं म्हणजे झाडं लावावी लागतात, ती जगवावी लागतात, त्याला वर्षं जातात. मला हलवायला अर्धा तास पुरला. फाइलवर काकांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'सुशोभीकरणासाठी स्थलांतर.'

बागेत खरंच गार होतं, हे मी नाकारत नाही. कारंज्याचे तुषार झडपांतून आत यायचे. रस्त्यावर डांबर पायाला चिकटत होतं आणि मी सदतीस दाखवत होतो. सदतीसच होतं हो तिथे! मी काय करणार? मी जिथे उभा असतो तिथलं सांगतो, दुसरं मला येत नाही. परीक्षक आले, त्यांनी माझा आकडा टिपून घेतला, कारंज्याजवळ फोटो काढले आणि "वा, सुंदर," म्हणून गेले.

आक्का पहिल्यांदा शोधत आली तेव्हा चिडलेली होती. "इथं येऊन बसलास होय, साहेबांच्या मांडीवर!" मग तिने वाकून ठिपका बघितला. पारा ठिपक्याच्या खाली होता. तिने पदराने मान पुसली, पुन्हा बघितला. "म्हणजे अजून व्हायचंय," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून ती रोज येत होती. रोज मी तिला नाही म्हणत होतो. बायका कुरकुर करायच्या, की आक्का, आज डोकं गरगरतंय, आज मागच्या सालापेक्षा जास्त आहे. तर ही त्यांच्यावर खेकसायची. "बायांनो, लाडात येऊ नका. मी आत्ता बघून आले. तो नाही म्हणतोय. तो खोटं बोलत नाही." मला ते सगळं बागेच्या भिंतीवरून ऐकू यायचं. पेटी फोडून बाहेर पडावं असं वाटायचं. पण माझ्या पोटात पारा आहे, पायात ताकद नाही.

नखरेल त्याच वर्षी बापाच्या जागेवर रस्त्याच्या टोळीत लागली होती. एका दुपारी ती आईबरोबर बागेच्या फाटकाशी आली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. "आई, मला आज कसंतरी होतंय गं. आज नको जाऊ का?"

आक्का आत आली, माझ्यावर वाकली. मी अडतीस दाखवत होतो. "दोन रेघा कमी आहेत," ती लेकीला म्हणाली. "पाणी पी आणि जा. नवीन नवीन असं होतं."

नखरेल गेली. तासाभराने रस्त्यावर आरडाओरडा झाला. बाप पडला होता तिथून पन्नास पावलांवर ती पडली होती.

ती वाचली. पण आठ दिवसांनी शुद्धीवर आली तेव्हा जीभ जड झाली होती आणि दोन्ही हात थरथरत होते. उन्हाने मेंदूला इजा झाली, हात आता असेच राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आक्काला विचारलं होतं, "त्या दिवशी बाहेर किती होतं?" आक्का म्हणाली अडतीस. डॉक्टर म्हणाले, "कुणी सांगितलं? शक्यच नाही."

आक्का दवाखान्यातून थेट बागेत आली. माझ्याकडे बघितलं, वर झाडाकडे बघितलं, कारंज्याकडे बघितलं. मग हातावर तुषार घेतले आणि कितीतरी वेळ तो ओला हात बघत राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती चार बायकांना घेऊन आली. त्यांनी पेटी उचलली. पहारेकरी धावत आला, "अहो बाई, काय चाललंय हे?"

"बरं दिसावं म्हणून हलवतोय," आक्का म्हणाली. "तुमच्यात चालतं ना तसं?"

जुन्या कोपऱ्यात काकांनी खणून घेतलेले चार खड्डे तसेच होते. पेटीचे चार पाय त्यांत बरोबर बसले. आक्काने मला झटकलं, काका झटकायचे तसंच, आणि आडवं ठेवून झडप लावली. मग पाचही जणी पालिकेच्या पडवीत बसून राहिल्या. मी चढायला लागलो. अडतीस गेले, एकोणचाळीस गेले, लाल ठिपका मागे पडला. दोन वाजता आक्काने झडप उघडली तेव्हा मी साडेत्रेचाळीसवर होतो. किती दिवसांनी मी त्या हवेत श्वास घेतला होता. मला रडू आलं असतं.

तिने मला दोन्ही तळहातांवर आडवं घेतलं आणि जिना चढली. बाळ नेतात तशी एकेक पाऊल टाकत. अध्यक्षांच्या दालनात चार-पाच सदस्य बसले होते, काकाही फाइल घेऊन उभे होते. खोली बर्फासारखी गार होती. टेबलावर 'शीतल शहर'ची ढाल ठेवलेली होती.

"बघा," आक्का म्हणाली. "काकांनी ठरवलेल्या जागेवर ठेवून आणलाय. ठिपक्याच्या किती वर आहे, ते तुम्हीच मोजा. माझी पोर याच्या जिवावर उन्हात गेली."

साहेब खुर्चीतून न उठताच माझ्याकडे बघत हसले. "या खोलीत चोवीस आहे, आणि हा त्रेचाळीस दाखवतोय? काका, यंत्र बिघडलंय तुमचं."

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा. तुम्हाला माझ्या गळ्यातला चिमटा माहीत आहे. त्या खोलीत तो दोघांनाच माहीत होता. एक आक्का आणि दुसरे काका.

"काका, सांगा ना यांना," आक्का म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला. हा झटकल्याशिवाय उतरत नाही. सांगा ना!"

काकांनी फाइल खाली ठेवली. मला हातात घेतलं. किती ओळखीचा हात तो! चार वर्षं रोज सकाळी त्याच हाताने मला उचललं होतं. मला वाटलं, आता नाक काचेला लावतील आणि मोठ्याने वाचतील. साडेत्रेचाळीस. एवढं एकच तर म्हणायचं होतं.

"द्या एक झटका," साहेब म्हणाले. "बघू दुरुस्त होतोय का."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मनगट खाली आलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पारा सरसर उतरला.

"चोवीस," काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता.

"झाला की बरोबर," साहेब म्हणाले.

आक्का काकांकडे बघत राहिली. "काका, ते 'दाखवल्यास' तुम्हीच लिहिलं होतं ना?" तिने विचारलं. काकांनी मला टेबलावर ठेवलं आणि फाइल उचलली. ती जिना उतरून गेली.

त्याच संध्याकाळी माझ्या नावापुढे 'सदोष' असा शेरा पडला. तेव्हापासून मी रेकॉर्डच्या खोलीत एका खणात पडून आहे. बागेत आता लाल आकड्यांचं नवं यंत्र आहे, कारंज्याला लागूनच. निवृत्तीच्या दिवशी काका आले होते. खण उघडून त्यांनी मला रुमालाने पुसलं, म्हणाले, "मला घरदार आहे रे, तुला काय कळणार." बरोबर आहे, मला घरदार नाही. पण काका, मी तुमच्यावर रागावलेलो आहे आणि तुम्ही कितीही पुसलंत तरी तो राग जाणार नाही. साहेबांनी मला बागेत नेलं, त्याचं मला एवढं दुःख नाही. ते मला ओळखतच नव्हते.

खण पुरता मिटत नाही, त्याच्या फटीतून खिडकी दिसते आणि खिडकीतून रस्ता. भोंगा वाजत नाही, पण आक्का आता त्याची वाट बघत नाही. ऊन डोक्यावर आलं की ती झाडू टाकते आणि म्हणते, "बसा गं." सगळ्या बसतात. मुकादम कागद नाचवत येतो, "अहो, आज सदतीसच आहेत!" तर ती म्हणते, "मला आकडा सांगू नका." कामाला येण्याआधी ती रोज लेकीची नखं रंगवते. नखरेलला स्वतःला आता ते जमत नाही, बाटली हातात ठरत नाही. रेकॉर्डच्या खोलीत झाडू मारायला येणाऱ्या बाईने हे एकदा दुसरीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

एकदा आक्का स्वतः या खोलीत झाडायला आली. खण अर्धा उघडा होता. तिने मला पाहिलं, ठिपकाही पाहिला असणार. मी तेव्हा खरा आकडा दाखवत होतो. तिने तो बघितला नाही. पायाने खण लोटला आणि पुढे झाडत गेली.

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला पुष्कळ आकडे सांगतील. शहर किती गार झालं, हवा किती शुद्ध झाली, झाडं किती लागली. आकडा खरा आहे का, असं विचारू नका. तो खराच असेल, मीही खराच होतो. तो कुठे उभा राहून मोजला, ते विचारा, आणि जमलं तर जाऊन तिथे उभे राहा. आणि माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती आला तर त्याची काच नाही पुसलीत तरी चालेल. त्याला फक्त उन्हातल्या माणसांच्या जवळ ठेवा. आणि तो काही दाखवत असेल तर मोठ्याने वाचल्याशिवाय झटकू नका.